जॅझ संगीत : आद्य वादक व इतिहासलेखन

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ संगीत आकारास आले. हे संगीत मुख्यत्वे उत्स्फूर्त वादनावर आधारलेले असून स्वरलिपीत ते पूर्णपणे उतरत नाही. त्यामुळे त्याच्या आरंभकाळाचा इतिहास ध्वनिमुद्रिका आणि वादकांच्या आठवणी या दोन साधनांवर उभा राहिला. ही दोन्ही साधने अपुरी आहेत.

कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक चार्ल्स ऊर्फ बडी बोल्डन (१८७७–१९३१) यास जॅझचा आद्य वादक मानतात. सु. १९०० ते १९०६ या काळात त्याचा वाद्यवृंद शहरात अत्यंत लोकप्रिय होता. मानसिक आजारामुळे १९०७ मध्ये त्यास जॅक्सन (लुइझिॲना) येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले व तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे निघाली, ती ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ या गौरवर्णीयांच्या वाद्यवृंदाची. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदांना ही संधी किड ओरी (१९२२) व किंग ऑलिव्हर (१९२३) यांच्या रूपाने नंतर लाभली. ऑलिव्हरच्या वृंदात लुई आर्मस्ट्राँग हा दुसरा कॉर्नेटवादक होता. तत्कालीन यांत्रिक पद्धतीत वादकांना कर्ण्यासमोर वाजवावे लागे. ढोलाचा जोरदार आघात टिपणे कठीण असल्याने तालवाद्यांवर बंधने येत, तसेच तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचेच वादन मावत असे. म्हणून या मुद्रिकांत क्षीण ऐकू येणारा ताल नृत्यगृहातही तसाच होता, असे श्रोत्याने समजणे योग्य नव्हे.

उपलब्ध मुद्रिकांचा परिणाम समीक्षेवरही झाला. फ्रेंच समीक्षक ह्यूग पानासिए याने १९३४ च्या आपल्या ग्रंथात गौरवर्णीय वादकांना मोठे महत्त्व दिले. १९४२ च्या ग्रंथात मात्र त्याने ही भूमिका बदलून कृष्णवर्णीय वादकांचे श्रेष्ठत्व मान्य केले.

आठवणींचे साधनही सावधपणे वापरावे लागते. फ्रेडरिक रॅम्झी व चार्ल्स एडवर्ड स्मिथ यांनी संपादिलेल्या ‘जॅझमेन’ (१९३९) या ग्रंथाने बोल्डन हा न्हावी व एका कुचाळकीच्या पत्राचा संपादक असल्याची कथा रूढ केली. डोनाल्ड मार्क्विस याने नागरी व रुग्णालयीन कागदपत्रे तपासून १९७८ मध्ये ती निराधार ठरविली. बंक जॉन्सन या वादकाने आपला जन्म १८७९ चा सांगून बोल्डनच्या वृंदात वाजविल्याचा दावा केला होता. नंतरच्या संशोधनानुसार तो सु. दहा वर्षांनी लहान असावा, त्यामुळे हा दावा संशयास्पद ठरला. जेली रोल मॉर्टन याने तर १९०२ मध्ये आपणच जॅझ निर्माण केल्याचे प्रतिपादन केले.

तथापि या कथनांचे मोल नाकारता येत नाही. ॲलन लोमॅक्स याने १९३८ मध्ये ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’साठी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींत मॉर्टनने जुन्या वादनशैली पियानोवर प्रत्यक्ष वाजवून दाखविल्या. टूलेन विद्यापीठात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहात वृद्ध वादकांच्या मुलाखती जतन केलेल्या आहेत. तारखांसाठी कागदपत्रे व वादनाच्या स्वरूपासाठी आठवणी, असा दुहेरी आधार घेतल्यासच ध्वनिमुद्रिकेबाहेर राहिलेल्या कलावंतांना इतिहासात स्थान मिळू शकते.