मक्ता, उक्ते आणि निविदा

परमुलखात स्वतःचे घर बांधणे हा संसारातील मोठा प्रसंग होय. आयुष्याची पुंजी पणास लागलेली, भाऊबंद दूर, गवंडी अनोळखी आणि त्याची बोलीही निराळी. अशा वेळी दोन-तीन ठेकेदारांकडून दरपत्रके मागवावीत, असा सल्ला मिळतो. या साध्या रीतीमागे मोठा इतिहास आहे.

आपल्याकडे पूर्वापार काम करून घेण्याचे दोन मार्ग होते. अमानीत मालकाने सामान आणावे व कारागिरांस रोजमजुरी द्यावी. मक्त्यात वा उक्त्या कामात ठरल्या रकमेत सारे अंगावर सोपवावे. अमानीत काम लांबे, उक्त्यात माल हलका पडे. १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि त्याच्या कारभारातून अंदाजपत्रक, दरसूची व मोहोरबंद निविदा ही त्रयी देशभर रूढ झाली. १८७२ च्या करार कायद्याने या व्यवहारास कायद्याचे बळ दिले.

परंतु कागद आला म्हणून सचोटी येतेच असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी स्वतः बांधकामाचे मक्ते घेतले होते. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी इंजिनीअर खात्यातील कामगारांच्या गैरव्यवहारावर पवाडा छापला, त्यामागे हा जवळून घेतलेला अनुभव होता.

आम्हां प्रवासी मराठी जनांस आणखी एक अडचण येते, ती मापांची. आपण शंभर घनफुटांस ‘ब्रास’ म्हणतो. तमिळनाडूत त्यासच ‘युनिट’ म्हणतात. तेथे जमीन २,४०० चौरस फुटांच्या ‘ग्राउंड’ने, कलकत्त्यास ७२० चौरस फुटांच्या ‘कठ्ठ्या’ने, तर दिल्लीस गजाने मोजतात. माप एक नसेल तर दरांची तुलना व्यर्थ होय.

म्हणून खात्याच्या जुन्या रीतीतील मर्म आपण घ्यावे. आधी नकाशा व कामाची यादी तयार करावी. पाया किती खोल, विटा कोणत्या, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, हे लिहून एकच कागद सर्व ठेकेदारांस द्यावा. मग आलेले दर शेजारी मांडावेत. फार खाली उतरलेला दर दिसला तर त्यात काय गाळले आहे, ते आधी विचारावे. हप्ते झालेल्या कामाच्या मापानेच द्यावेत.

आमच्या मंडळातील प्रत्येक कुटुंबाच्या वास्तूस असा लेखी पाया लाभो, हीच सुवर्णमहोत्सवी सदिच्छा.