'कंडम' : एका निवाड्याची कथा

आगगाडीचा डबा, कारखान्यांतलें यंत्र किंवा घरांतली छत्री पार कामांतून गेली, कीं मराठी माणूस एकच शब्द उच्चारतो : 'कंडम'. इंग्रजी 'कंडेम्ड' या शब्दाचें हें देशी रूप होय. त्याच्या मुळाशीं लॅटिन 'डॅम्नुम', म्हणजे हानि, हा शब्द आहे. त्यापासून दोषी ठरविणें, शिक्षा फर्माविणें हा अर्थ निघाला. आणि पुढें इंग्रजींत अपराधी माणसाप्रमाणें निरुपयोगी जहाज, इमारत वा माल यांसहि तो लागूं लागला. तेव्हां वस्तु नुसती झिजली म्हणून मुळांत 'कंडम' होत नसे. कोणा अधिकाऱ्यानें ती तपासून तसा निवाडा द्यावा लागे.

हा शब्द कचेरीचा, माजघराचा नव्हे. रेल्वेच्या परिभाषेंत डबा सेवेंतून बाद करण्याच्या विधीस हेंच नांव आहे. हेंद्रेपाडा ज्या बदलापुरांत मोडतो, त्या गांवावरून कल्याण-खोपोली लोहमार्ग १८५६ सालीं गेला. शेजारीं अंबरनाथला शस्त्रसामग्रीचा सरकारी कारखाना आला. अशा ठिकाणीं साहेबाच्या शेऱ्यांतील शब्द कामगाराच्या तोंडीं बसावा, हें स्वाभाविकच होतें. 'रद्द' आणि 'बाद' हे अरबी शब्दहि पूर्वीं असेच दप्तरांतून घरांत आले.

मराठीजवळ 'जीर्ण' हा जुना शब्द होताच. पण दोहोंत मोठें अंतर आहे. अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारकालीन शिलालेख आहे. त्या देवालयाचे दगड झिजले, मूर्ति भंगल्या. तरी त्यास कोणी कंडम म्हणत नाहीं. 'जीर्ण' म्हटलें, कीं मागून 'जीर्णोद्धार' येतो. 'कंडम'च्या मागून येतो तो फक्त भंगारवाला.

निवाडा देणारा बदलला, कीं निवाडाहि बदलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींचें काम युद्धाबरोबर सरलें. फाळणीनंतर सुमारें एक लाख सिंधी निर्वासितांनीं त्या छावणींत आसरा घेतला, बराकींत संसार थाटले. आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें.

याचा अर्थ तो निवाडाच नको, असा नव्हे. त्याच उल्हासनगरांत मे २०२१ मध्यें दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. मोडकळीस आलेल्या घरास वेळेवर कंडम ठरविणें म्हणजे आंतल्या माणसांस वांचविणें होय. शब्दाचें खरें काम तेथें आहे. परंतु निवृत्त कामगारास किंवा थकलेल्या वडीलधाऱ्यास कोणी थट्टेनें 'कंडम' म्हणतो, तेव्हां तपासणी, अधिकारी, शेरा यांपैकीं कांहींच नसतें. शिक्षा मात्र उरते. वस्तूंसाठीं आणलेला हा शब्द वस्तूंपुरताच ठेवावा. माणसांसाठीं मराठींत 'वृद्ध' हा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'वाढलेला' असा आहे.