पंडिता रमाबाई, वाँटेजचा मठ आणि सदसद्विवेकाचा अधिकार

नव्या करारात सदसद्विवेकासाठी जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो ‘सिनेइदेसिस’. ‘सह’ आणि ‘जाणणे’ अशा दोन अवयवांचा तो बनलेला असून लॅटिनमधील ‘कॉन्शियेन्शिया’ याच घडणीचा आहे. मराठीत रूढ झालेला ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा संस्कृत घडणीचा शब्द मात्र निवड करणाऱ्या बुद्धीचा निदर्शक आहे. एका शब्दात मनुष्याच्या आत बसलेला साक्षीदार आहे, दुसऱ्यात न्यायाधीश. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या दोन्ही अर्थांची गाठ पडते. आणि ती सर्वांत स्पष्टपणे पडते ती त्यांच्या इंग्लंडमधील पत्रव्यवहारात.

रमाबाई (१८५८–१९२२) १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर रोजी, कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी थोडेच दिवस त्यांची सहप्रवासी आनंदीबाई भगत हिने आत्मघात केला होता. पुढे चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या शिकू व शिकवू लागल्या. तेथील प्रमुख डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यातून एका नवख्रिस्ती स्त्रीचा आपल्याच चर्चशी चाललेला झगडा दिसतो.

झगड्याचे विषय वरवर पाहता फुटकळ वाटतील. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची योजना निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. असे केल्याने स्वदेशातील तिचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. लहानपणापासून पुरुषांच्या सभांत पुराणे सांगत आलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांकडून १८७८ साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या विदुषीला ही हरकत किती विपरीत वाटली असेल, हे सांगावयास नको. गळ्यात घालावयाच्या क्रूसावरील लॅटिन अक्षरांचा प्रश्न भाषाभ्यासकाला अधिक बोलका वाटतो. आपल्या देशभगिनींना न समजणारी भाषा क्रूसावर का असावी, असे रमाबाईंनी विचारले. ब्राह्मण जसे संस्कृतला देववाणी मानतात तसाच तुमचा लॅटिनविषयी भाव आहे काय, अशी त्यांची पृच्छा होती. क्रूस घालावयाचाच तर त्यावर संस्कृत शब्द असावेत, आणि तेही ती भाषा पवित्र म्हणून नव्हे, मायभूमीची जुनी व सुंदर भाषा म्हणून, अशी त्यांची मागणी होती.

मूळ वाद अर्थातच सिद्धांतांचा होता. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथनेशियसच्या नावावर चालणारा मतांगीकार यांपैकी बायबलवाचनातून जे आपल्याला पटत नाही, ते केवळ चर्च सांगते म्हणून त्या मान्य करावयास तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार आणि हट्ट दिसला. १८८५ मधील उत्तरात रमाबाईंनी आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी व निर्णयशक्ती आहे असे बजावले. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जू मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, असेही स्पष्ट सांगितले. ही पत्रे लिहिणारी स्त्री आश्रित होती. पदरी लहान मूल होते. शिवाय ज्या बाईंशी वाद, त्यांनाच ती प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत असे. तेव्हा हे बंड शत्रूविरुद्ध नव्हते, आणि म्हणूनच ते सोपे नव्हते.

रमाबाईंच्या चरित्रकारांना या पत्रांचा गौरव करणे आवडते. परंतु तोच न्याय १८९३ च्या प्रसंगालाही लावावा लागतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले व पुढील वर्षी पुण्यास आलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी ग्वाही होती. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसत. आपल्या प्रार्थनेचे दार लावून घेणे त्यांच्या मनाला पटेना. रानडे, भांडारकर प्रभृतींचे सल्लागार मंडळ त्या वर्षी सदनापासून दूर झाले. वाँटेजला रमाबाई आश्रित होत्या. येथे मुली रमाबाईंच्या आश्रित होत्या. आश्रित बालविधवेची श्रद्धा कितपत स्वतंत्र असू शकते, हा प्रश्न विरोधकांनी द्वेषाने विचारला हे खरे. तथापि विचारणाऱ्याचा हेतू वाईट असल्याने प्रश्न खोटा ठरत नाही. वाँटेजच्या अनुभवाने तो प्रथम रमाबाईंनाच सुचावयास हवा होता. त्यांनी तो कितपत मनावर घेतला, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

उत्तरायुष्यात, केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये, रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून भाषा सोपी ठेवण्याचा आणि हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले संस्कृत शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. एकेकाळी क्रूसावर संस्कृत मागणारी लेखणी आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढीत होती; न समजणाऱ्या भाषेला पावित्र्य देण्यास असलेला विरोध मात्र तोच राहिला. १९२१ साली मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

वाँटेजच्या पत्रांचा संग्रह केला तो खुद्द सिस्टर जेराल्डिन यांनी. त्यांच्यावर कठोर टीका असलेली पत्रेही त्यांनी फाडली नाहीत. १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादिलेला व महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेला ग्रंथ त्याच संग्रहावर उभा आहे.