काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत

लग्न हा अभंग संस्कार आहे, हे धर्मशास्त्राचे मत सर्वपरिचित आहे. परंतु महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींचा व्यवहार याहून निराळा होता, हे इतिहासाच्या अभ्यासकास मान्य करावे लागते. नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे उभय पक्ष पंचांपुढे बसत, देण्याघेण्याचा उलगडा करीत आणि काडी मोडून अथवा सोडचिठ्ठी लिहून मोकळे होत. पुढे त्या स्त्रीस पाट लावण्याची मुभा असे. या रीतीत कोर्ट नव्हते, की वकील नव्हता.

इंग्रजी अमदानीत, मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने देशरिवाजास दिवाणी न्यायात स्थान दिले. तथापि पंचांची सत्ता पूर्ववत राहिली नाही. लग्न रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा ज्ञातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, असा निर्णय मुंबई हायकोर्टाने १८७६ साली शंभू रघू याच्या खटल्यात दिला. ज्ञातीची संमती होती, ही सबब फौजदारी आरोपातून सोडविण्यास पुरी पडली नाही.

पुढे बडोदे संस्थानाने १९३१ साली व मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंच्या घटस्फोटाचे कायदे केले. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने सर्व हिंदूंस घटस्फोट खुला केला आणि कलम २९ अन्वये रूढीने चालत आलेला काडीमोडीचा हक्कही राखून ठेवला. परंतु उभयतांची संमती एवढ्यावर कोर्टातून फारकत मिळण्याची सोय त्यात नव्हती. ती १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ख म्हणून आली. आपल्या वाडवडिलांस ठाऊक असलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात अशी उशिरा उतरली.

आज पतिपत्नी एक वर्ष वा अधिक काळ विभक्त राहिली असतील, तर दोघांनी मिळून एकच अर्ज करावयाचा असतो. सहा महिन्यांनंतर व अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा आपली इच्छा सांगावी, म्हणजे खात्री करून घेऊन न्यायाधीश हुकूमनामा देतात. योग्य प्रकरणी सहा महिन्यांची अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तेथे वकिलामार्फत चालण्याचा हक्क कोणासही नाही. जरूर पडल्यास न्यायालयच कायदेतज्ज्ञाचे साहाय्य घेते. जेथे असे न्यायालय नाही, तेथील दिवाणी न्यायालयातही पक्षकारास जातीने उभे राहता येते. मात्र पोटगी, स्त्रीधन व मुलांचा ताबा यांविषयीचा करार अर्जात स्पष्ट लिहावा. हुकूमनामा होईपर्यंत कोणासही संमती मागे घेता येते, हेही ध्यानात असावे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, स्टँपाच्या कागदावर चार सह्या झाल्या म्हणजे फारकत झाली, ही समजूत आपल्या बांधवांत अद्यापि आहे. अशी रूढी असल्याचे जो म्हणतो त्याने ती कोर्टात सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. ती सिद्ध न झाल्यास दुसरा विवाह निरर्थक ठरतो, आणि त्याचे सर्वाधिक दुःख त्या स्त्रीच्या वाट्यास येते. पंचांनी समेट घडवावा, तो न साधल्यास तडजोड घडवावी. शेवटचा कागद मात्र न्यायालयाचाच असावा. आपल्या लेकीबाळींचे पुढील आयुष्य त्या एका कागदावर अवलंबून आहे.