सर्पगंधेने दाखवून दिलेले डोपामाइन

डोपामाइन म्हटले की आज मोबाइलचे वेड, गोडाची हाव आणि ‘आनंदाचे रसायन’ एवढेच आठवते. पण या रसायनाची कुळकथा आनंदापासून सुरू होत नाही. ती सर्पगंधेच्या मुळीपासून सुरू होते आणि तिची वाट मुंबईवरून जाते. १९१० मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत डोपामाइन तयार झाले, १९१३ मध्ये गुगेनहाइमने बाकल्यातून त्याचे पूर्वद्रव्य एल-डोपा वेगळे काढले. त्यानंतर चाळीसेक वर्षे बहुतेकांच्या लेखी डोपामाइन म्हणजे शरीरात ॲड्रेनलिन बनतानाचा एक मधला टप्पा होता, त्यापलीकडे काही नाही.

हा समज मोडला तो सर्पगंधेमुळे. उन्माद शमवण्यासाठी ही मुळी भारतात पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी उन्माद व रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत तिच्यातून रिसर्पीन वेगळे झाले. स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले, तेव्हा ससे निपचित पडले. मग एल-डोपा दिल्यावर ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. रिसर्पीनने रिकामे केलेले मेंदूतले नॉरॲड्रेनलिन तेवढ्याने मात्र भरून आले नव्हते. भरून आले होते ते डोपामाइन.

यावर पहिला आक्षेप असा, की १९५७ मध्येच कॅथलीन मॉन्टेग्यू यांना मेंदूत डोपामाइन सापडले होते, मग सर्पगंधेला श्रेय कशाला? श्रेय एवढ्यासाठी, की एखादे द्रव्य मेंदूत आहे हे कळणे वेगळे आणि ते तिथे काय करते हे कळणे वेगळे. ते काम रिसर्पीनने मेंदूतला साठा रिकामा केला तेव्हाच दिसले. दुसरा दावा औषधशास्त्रज्ञ ब्रोडी यांचा. रिसर्पीनने सेरोटोनिन हे मेंदूतले दुसरे रसायन घटते हे त्यांनी आधीच दाखवले होते आणि त्याच्या परिणामाचे मूळ ते तिथेच शोधत होते. पण सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य देऊन ससे उठले नाहीत, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो. तरीही १९६० च्या लंडनच्या परिषदेत कार्लसन यांच्यावर अविश्वासच दाखवला गेला. नोबेल मिळायला २००० साल उजाडले.

डोपामाइनची ओळख अशी हालचालीच्या अंगाने झाली, हे आरोग्याच्या दृष्टीने मोलाचे ठरले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामाइनची मोठी तूट आढळली. रक्तातले डोपामाइन मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरतो. म्हणून औषध तेच ठरले. त्याच एल-डोपाचे भांडार असलेली आपली खाजकुयली कंपवातावर वापरून पाहण्याचे काम मुंबईत अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी केले, ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुळकथेचे आनंदाशी जोडलेले पान, म्हणजे ओल्ड्स आणि मिल्नर यांचे १९५४ चे उंदरांवरचे प्रयोग, त्या वेळी डोपामाइनशी जोडलेले नव्हतेच. संशोधनाचा प्रारंभ तिथून झाला असता तर कंपवाताच्या रुग्णांना बरीच वाट पाहावी लागली असती, अशी माझी खात्री आहे.

मग मनाचे काय? रिसर्पीन घेणाऱ्या काहींना औदासीन्य आल्याच्या नोंदी आहेत, पण ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिनही रिकामे करते, त्यामुळे दोष एकट्या डोपामाइनवर टाकता येत नाही. कंपवाताची औषधे मात्र अधिक बोलकी आहेत. त्यांच्यामुळे हालचाल सुधारते, पण काहींना भास होतात, काहींना जुगाराची अनावर ओढ लागते. उलट, भास शमवणारी औषधे डोपामाइनला अडवतात आणि त्यांनी हातपाय ताठरतात. म्हणून ‘डोपामाइनची पातळी वाढवा’ हा सल्ला अपुरा आहे. ते मेंदूच्या कोणत्या भागात आणि किती, यावर सारे ठरते. शरीर आणि मन यांची गाठ या रसायनात पहिल्यापासूनच आहे, आणि उन्माद व रक्तदाब या दोन्हींवर चालणाऱ्या एका मुळीने ती उघड केली, हा मला योगायोग वाटत नाही.