छत्तीस फोटोंचा हिशेब

दर वेळी बचतीचा हिशेब असतो, आज फोटोंचा सांगते.

ज्यांची लग्नं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झाली त्यांना रोल आठवत असेल. एका रोलमध्ये ३६ फोटो. त्याच्याही आधी आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा असायचा, आपल्याकडचा तो बडोद्याला बनायचा. त्यात तर १२च फोटो. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, म्हणून गणपतीत काढलेला फोटो शिमग्याला बघायला मिळे. त्यातही कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं डोकंच कापलेलं. पैसे मात्र सगळ्यांचे. मग कॅमेरा राहायचा घरातल्या एखाद्या काकांच्या नाहीतर भावाच्या हातात. बाईला चुकून मिळालाच, तर वर ताकीद, "वाया घालवू नकोस हं!" आता मला सांगा, वाया न घालवता कुठली गोष्ट शिकता येते? पहिली भाकरी गोल कुणाची झाली होती?

फोटोची कला आपल्याकडे तशी लवकर आली. १८३९ साली युरोपात ती जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. बायकांपर्यंत पोचताना मात्र मध्ये पडदा होता. १८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. तिथे पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो एक इंग्रज बाई काढत. हे सगळं बड्या घरांचं. आमच्या भागात कित्येक जणींचा एकटीचा पहिला फोटो निघाला तो मतदार ओळखपत्रासाठी, आणि ती ओळखपत्रं सुरू झाली १९९३ पासून. म्हणजे मधे शंभर वर्षं गेली!

या शंभर वर्षांत एक बाई मात्र कॅमेऱ्याच्या मागे ठाम उभी होती. होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्या देशातल्या पहिल्या स्त्री छायाचित्रकार-पत्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावानं छापले जात. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं, का, तर गाडीचा नंबर होता डीएलडी १३! १९४७ ची लाल किल्ल्यावरची झेंडावंदनं, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळं त्यांनी साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत टिपलं. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवून दिला. नव्या फोटोग्राफरांचं वागणं त्यांना पटेना. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी तो हातात घेतला नाही. मला याची फार हळहळ वाटते.

त्यांनी कॅमेरा ठेवला आणि पाचच वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं रोलशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. रोलमध्ये चांदीच्या क्षारांवर उजेड पडून चित्र उमटतं. इथे उजेडाचे आकडे होत आणि ते गाण्याच्या असतात तशा कॅसेटवर साठत. एका फोटोला २३ सेकंद लागत. पहिला फोटो काढला तो तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीचा. टीव्हीवर बघितला तर केस दिसतात, चेहरा ओळखूच येत नाही. ती बघून म्हणाली, यावर अजून काम करायला हवं. अगदी आपल्यातलीच वाटते की नाही?

कंपनीनं काही ते फार मनावर घेतलं नाही. रोल विकूनच तर तिचं पोट भरत होतं. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच आठवड्यात होमाईबाई बडोद्यात वारल्या.

तोवर डिजिटल कॅमेरे घराघरांत आले होते. २००० साली जपानमध्ये कॅमेऱ्याचा फोन निघाला आणि पुढे तर काय, तो आपल्या कनवटीलाच आला. फोटो स्पष्ट यायला लागले म्हणून आनंद झाला असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. आनंद झाला तो फुकट चुकायला मिळालं म्हणून. काढा, लगेच बघा, आवडला नाही तर पुसा. आमच्या गटात पापडाच्या पाकिटावर फोटो हवा होता. दुकानातून काढून आणायचं ठरत होतं, तेवढ्यात पन्नाशीच्या एक ताई म्हणाल्या, आणा इकडे. दुपारभर त्यांनी चाळीसेक फोटो काढले. उन्हात पापड पांढराफटक दिसला, ओसरीच्या सावलीत त्यावरचं जिरं नि मिरं दिसायला लागलं. उजेड कुठून यावा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रोलच्या जमान्यात तेवढ्यासाठी दोन तरी रोल लागले असते, कुणी दिले असते का?

एक मात्र आहे. फोन पाण्यात पडला की वर्षभराचे फोटो जातात, आणि आजेसासूबाईंचा स्टुडिओतला एकुलता एक फोटो अजून भिंतीवर असतो. म्हणून आम्ही वर्षातून दहा-बारा फोटो छापून घेतो. यंदा निवडायला बसलो तर पापडवाल्या ताईंचा स्वतःचा एकही फोटो सापडेना. सगळे त्यांनीच काढलेले. मग त्यांना ओसरीत बसवलं, मी काढला. बघितला नि फोन माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "तोंडावर अंधार आलाय गं. थोडी इकडे सरक आणि परत काढ."