यंत्राला वळण

मराठी भाषेने 'वळण' या एका शब्दात मोठी सोय करून ठेवली आहे. रस्त्याला वळण असतं, अक्षराला वळण असतं, आणि पुढच्या पिढीला, मागच्या पिढीच्या मते, ते कधीच नसतं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे लोकांच्या मुलांना वळण लावण्याचा पगार घेतला. त्यामुळे जगातल्या सगळ्यात हट्टी विद्यार्थ्याबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे. हा विद्यार्थी म्हणजे चेनचा ट्रॅक्टर.

चाकांच्या गाडीचं बरं असतं. पुढची चाकं फिरवली की मागची गुमान येतात. पण ज्याच्या दोन बाजूंना दोन लोखंडी पट्टे आहेत आणि ते आगगाडीच्या रुळांसारखे कायम समांतर राहणार, त्याने वळावं कसं?

कॅलिफोर्नियात स्टॉक्टन गावाजवळची नदीकाठची जमीन लोण्यासारखी मऊ. तिथे घोडे रुतत आणि वाफेचे ट्रॅक्टर आपल्याच वजनाने खाली जात. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने आधी चाकं रुंद करून पाहिली. करता करता एक यंत्र ४६ फूट रुंद झालं! आमच्या गल्लीतून ते गेलं असतं तर दोन्हीकडच्या ओसऱ्या बरोबर घेऊन गेलं असतं. शेवटी मागची चाकं काढून पट्टे बसवलेलं यंत्र २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याने शेतात उतरवलं, आणि ते न रुतता चाललं. ते सुरवंटासारखं सरपटतं, असं म्हणे एक छायाचित्रकार म्हणाला, आणि १९१० मध्ये 'कॅटरपिलर' हे नाव रीतसर नोंदलं गेलं. एवढ्या धुडाला सुरवंट म्हणणं म्हणजे पैलवानाला 'छोटू' म्हणण्यासारखंच, पण लाडकी नावं अशीच पडतात.

वळण्यासाठी मात्र होल्टच्या सुरवातीच्या यंत्रांपुढे एक चाक ठेवलेलंच असे, अंधारात पुढे काठी धरून चालावं तसं. इकडे इंग्लंडात ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यातल्या डेव्हिड रॉबर्ट्स यांनी त्याच साली आपल्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं. त्यांची गाडी एक पट्टा हळू आणि एक जोरात चालवून वळे. लष्कराने थोड्या गाड्या घेतल्या, पण मनावर घेतलं नाही. पुढे ते पेटंट होल्टच्या कंपनीकडे गेलं.

मग १९१६ मध्ये त्याच लष्कराने सोमच्या रणांगणावर रणगाडे उतरवले. एक रणगाडा चालवायला चार माणसं लागत. चालक, ब्रेक सांभाळणारा नायक, आणि मागे दोन्ही बाजूंच्या गिअरवर एकेक जण. गोंगाटात हाक ऐकू जात नसे, म्हणून इंजिनाच्या पत्र्यावर ठोकून खुणा करायच्या. १९१८ च्या 'मार्क पाच' रणगाड्यात वॉल्टर विल्सन यांचे नवे गिअर आले, तेव्हा कुठे हे काम एका माणसाच्या हातात आलं. चौघांच्या मताने चालणारं वाहन मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत पाहिलं आहे. ते वळत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी पत्करलेला उपाय साधा होता. इंजिनाची ताकद मागे आली की तिच्या दोन वाटण्या होतात, एक डाव्या पट्ट्याला, एक उजव्या. प्रत्येक वाटेवर एक क्लच. डावा दांडा ओढला की डाव्या पट्ट्याची ताकद तुटते, उजवा चालत राहतो आणि यंत्र डावीकडे वळतं. काटकोनातच वळायचं तर त्या बाजूचा ब्रेकही दाबायचा. म्हणजे वळायला जास्त जोर लावायचा नाही, एका बाजूने सोडायचा. घरात भावाभावांना हे सांगून पाहा!

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कर मागे टाकून गेलेली यंत्रं घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने काम सुरू केलं. माळव्यात, बुंदेलखंडात कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताने जमिनी गिळल्या होत्या. उन्हाळ्यात खोल नांगरून ती मुळं उन्हात तळायची. त्यासाठी यंत्रं घ्यायला १९४९ मध्ये जागतिक बँकेने १ कोटी डॉलर कर्ज दिलं. गवत उपटायला कर्ज काढणारा देश म्हणून कुणी हसलं असेल, पण त्या गवताखाली गहू होता.

ही विद्या मी प्रत्यक्ष पाहिली ती आमच्या घरामागच्या आवारात. एका ठेकेदाराचा म्हातारा डोझर तिथे येऊन पडला होता. तक्रार एकच, सरळ जातो, पण डावीकडे वळत नाही. मिस्त्री आले. त्यांचे वडील माळव्यात कांस उपटणाऱ्या यंत्रांवर होते. त्यांनी सीट उचललं, झाकण काढलं, चेनपुलीने क्लचचा ड्रम वर घेतला. आत एक लोखंडी, एक लायनिंगची अशा प्लेटा पापडांच्या चळतीसारख्या रचलेल्या. दोन पावसाळे उघड्यावर काढल्याने त्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. दांडा कितीही ओढा, सुटणार कशा?

"आणि उजवीकडचा?"

"त्याचं उलटं, मास्तर. सील गेलंय, तेल आत येतं. हा धरतच नाही, घसरतो."

एक बाजू सोडत नाही, दुसरी धरत नाही. असे संसारही मी पाहिले आहेत.

सील बदललं, लायनिंग नवं आलं, प्लेटा घासून पुसून परत रचल्या. मग दांड्याची मोकळीक. दांडा सुरवातीला थोडा रिकामा हलला पाहिजे. लायनिंग झिजतं तशी ही मोकळीक कमी होते, आणि ती संपली की क्लच पुरता आवळला जात नाही, घसरून जळतो. कंपनीच्या पुस्तकात तिचं माप इंचांत असतं. मिस्त्रींनी ते बोटांत मोजलं.

"आता ब्रेकचे पट्टे," मिस्त्री म्हणाले. ठेकेदाराला घाई होती. "ब्रेक चालतोय अजून. उद्या टेकडीवर काम आहे."

मिस्त्रींनी डोझरवरच्या विशीतल्या पोराला हाक मारली. "सांग रे, उतारावर डावा दांडा ओढला तर कुठे वळेल?"

"डावीकडे."

"उजवीकडे! उतारावर वजनच यंत्राला ढकलतं. सोडलेला पट्टा मोकळा धावतो, इंजिनाला जोडलेला मागे राहतो. ब्रेक नसेल तर दरी ज्या बाजूला, तिकडेच जाशील." मग ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "पोराला खाली उतरवतो, शेठ. उद्या दांडे तुम्ही धरा."

शेठनी टेकडीकडे पाहिलं आणि ब्रेकचे पट्टे आणायला माणूस पाठवला.

मी तीस वर्षं शिकवलेले कितीतरी राजे मला तेव्हा आठवले. राज्य उताराला लागल्यावर त्यांनी जो जो दांडा ओढला त्याचा परिणाम बरोबर उलटा झाला. त्यांच्या दरबारात मिस्त्री नव्हते.

आताच्या यंत्रांत क्लच तेलात बुडालेले असतात. काही यंत्रांत वळताना कोणत्याच पट्ट्याची ताकद तुटत नाही, आणि सगळं काम एक बोटभर दांडी करते. पण जुनी धुडं अजून कुठे कुठे बांध घालतात, शेतं सपाट करतात. त्यांच्यावर समोर दोन दांडे, मागे इंजिनाचा धूर आणि मध्ये एखादं विशीतलं पोर असतं. उतारावर गणित उलटं होतं, हे त्याला टेकडी चढण्याआधी कुणीतरी सांगितलेलं असावं, एवढीच एका जुन्या मास्तराची इच्छा.